बोलावणें माणसाला कीं कोटाला?

लग्नसराई सरली म्हणजे पाळकाच्या घरीं पत्रिकांचा एक गठ्ठा जमलेला असतो. गेल्या उन्हाळ्यांतील एक पत्रिका मात्र त्या गठ्ठ्यांत नाहीं. ती कागदावर आली नाहीं, मोबाइलवर आली. आमच्या जळगांव जिल्ह्यांतील एका खेड्याच्या मंडळींतल्या मुलाचें तें लग्न. मुलगा शिकला, पुण्यास चांगल्या नोकरीस लागला, आणि तेथल्याच एका ख्रिस्ती घराण्यांतील सुशिक्षित मुलीशीं त्याचा विवाह ठरला. विधि जळगांव शहरांतील मंदिरांत दिवस मावळण्यापूर्वीं व्हावयाचा, व रात्रीं एका मोठ्या सभागृहांत मेजवानी, असा बेत होता. पत्रिका देखणी होती. तिच्या तळाशीं एक लहानशी ओळ होती: पाहुण्यांनीं कृपा करून 'ब्लॅक टाय' पोषाखांत यावें.

मीं ती ओळ वाचली आणि पुढें गेलों. मला तींत कांहीं वावगें दिसलें नाहीं. तें कां दिसलें नाहीं, हें शेवटीं सांगेन.

आठ-दहा दिवसांनीं वराचे चुलते माझ्याकडे आले. मुलगा लहान असतांनाच त्याचा बाप वारला होता. ह्या चुलत्यांनींच दुसऱ्यांच्या कपाशींत मजुरी करून त्याला वाढविलें, आणि वसतिगृहांत ठेवून शिकविलें. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "साहेब, हे बोलावनं मले हाये का कोटाले?"

प्रिय बंधुभगिनींनो, ह्या प्रश्नाचें उत्तर मला त्या क्षणीं देतां आलें नाहीं. तेंच आज आपल्या सर्वांसमोर बसून शोधावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे. कारण हा प्रश्न एका घरचा राहिलेला नाहीं. आपलीं मुलें पुण्यामुंबईस जातात, तेथील चालीरीति पाहतात, आणि लग्नाच्या वेळीं त्या घेऊन गांवीं परततात. पंचांना व उपदेशकांना ह्या बाबतींत आज ना उद्यां सल्ला द्यावा लागणारच.

प्रथम हा पोषाख म्हणजे काय, तें पाहूं. नांवांत 'टाय' असला तरी नेहमींचा लांब टाय येथें अभिप्रेत नसतो. काळा कोट, त्याच्या छातीवरच्या दुमडलेल्या पट्टीला रेशमी चकाकी, काळी पाटलोण, पांढरा सदरा आणि गळ्याशीं फुलपांखराच्या आकाराची काळी गांठ, असा तो संच असतो. त्याचा उगम इंग्लंडांतील. व्हिक्टोरिया राणीचा पुत्र, जो पुढें सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, त्यानें १८६५ सालीं लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून एक आखूड कोट शिवून घेतला, असें त्या दुकानाचें म्हणणें आहे. घरगुती भोजनाच्या वेळीं मागें लांब शेपट्या असलेला औपचारिक कोट घालून अवघडून बसावें लागूं नये, एवढाच त्यांत उद्देश होता. १८८६ च्या सुमारास ती चाल न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क नांवाच्या धनिकांच्या वसाहतींत गेली, आणि अमेरिकेंत त्या कोटाला त्या वसाहतीचेंच नांव पडलें. मौज अशी कीं, जें वस्त्र मोकळेपणासाठीं जन्मलें तेंच आज औपचारिकपणाची खूण होऊन बसलें आहे.

त्या पोषाखाचा आणखी एक संकेत आहे. सायंकाळच्या सहाच्या आधीं तो घालीत नाहींत. आतां आपला १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा पाहा. त्याच्या दहाव्या कलमाप्रमाणें, कांहीं अपवाद सोडल्यास, विवाह सकाळच्या सहापासून सायंकाळच्या सातपर्यंतच्या वेळांत लावावा लागतो. म्हणजे संकेत व कायदा हे दोन्ही सांभाळून ह्या पोषाखांत मंदिरांत उभें राहावयाचें तर हातीं एक तास उरतो. आणि मे महिन्यांत जेव्हां आमच्या जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां त्या तासालाही भिंतींतून वाफा निघत असतात. कायदा विधि चालविण्याचा अधिकार असलेला मनुष्य मागतो, दोन साक्षीदार मागतो, नोंदवहींत सह्या मागतो. कोट मागत नाहीं. वधूचें पांढरें वस्त्र शास्त्रांतूनच आलें, असेंही पुष्कळांना वाटतें. परंतु ती चाल फैलावली ती १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीनें आपल्या लग्नांत पांढरा पोषाख केल्यानंतर.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, "मग झालें तर! परक्यांची वस्तु आहे, टाकून द्या." पण हा निवाडा उतावळेपणाचा होईल. आपल्या देशांत वस्त्र ही केवळ हौसेची बाब कधींच नव्हती. कोणी काय नेसावें, कोणी पायांत काय घालावें, हें दुसरेच लोक ठरवीत आले. दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानांत नाडार स्त्रियांना उच्च जातींच्या स्त्रियांप्रमाणें अंगाचा वरचा भाग झांकण्याची मनाई होती. त्यांच्यांतील ख्रिस्ती झालेल्या स्त्रिया अंग झांकूं लागल्या, तेव्हां त्यांचीं वस्त्रें चारचौघांत फाडण्यांत आलीं. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ सालीं संस्थानाच्या जाहीरनाम्यानें त्यांना अंग झांकण्याची मोकळीक मिळाली. तीही उच्च जातींच्या धर्तीवर नेसूं नये, ह्या अटीवर. आपल्या महाराष्ट्रांत १९२७ च्या डिसेंबरांत महाड येथील परिषदेच्या प्रसंगीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जमलेल्या स्त्रियांना सांगितलें कीं, ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते त्या खुणा टाकून द्या, व उच्चवर्णीय स्त्रियांसारखें लुगडें नेसा. त्यांचा स्वतःचा नीटनेटका कोट लाखो लोकांच्या डोळ्यांपुढें आजही आहे. तो कोट पाहून किती माणसांची मान ताठ झाली, हें आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस मीं सांगावयास नको.

म्हणून चुलते गेल्यावर मीं त्या मुलास फोन केला, तो त्याला दटावण्यासाठीं नव्हे. मीं त्याला विचारलें, "बाळ, ही ओळ कां घातलीस?" तो म्हणाला, "पाळकसाहेब, माझे आजोबा पाटलाच्या ओट्यासमोरून जातांना जोडे हातांत घेत असत. माझ्या घरच्या एकाही लग्नाच्या फोटोंत आमचीं माणसें पाहुण्यांसारखीं दिसत नाहींत. दुसऱ्याच्या लग्नांत राबायला आल्यासारखीं दिसतात. मला एक दिवस असा पाहिजे कीं, ज्या दिवशीं सगळे साहेबासारखे उभे राहतील." ह्या बोलण्यापुढें मी कांहीं वेळ गप्प झालों. त्यांत पोकळ डौल नव्हता. त्यांत तीन पिढ्यांचें दुःख होतें.

खर्चाचा मुद्दा काढून त्याला गप्प करावें, हेंही मला बरें वाटलें नाहीं. गरिबाच्या घरीं लग्न निघालें कीं त्याला उधळपट्टीवर व्याख्यान देण्याची संवय शिकलेल्या लोकांस फार जुनी आहे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हां सरकारनें चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. त्या मंडळानें आपल्या अहवालांत असें नमूद केलें कीं, कुणब्याच्या कर्जाचें कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व देण्यांत आलें आहे. पोटासाठीं, बियाण्यासाठीं, बैलांसाठीं आणि साऱ्यासाठीं वरचेवर काढलेलीं लहान लहान कर्जेंच त्याला अधिक बुडवितात. मनुष्य आयुष्यांत एकदां आनंद करतो, आणि त्यावरच बोट ठेवून आपण त्याच्या दारिद्र्याचा दोष त्याच्याच माथीं मारतों, हें न्यायाचें नव्हे.

मग प्रश्न नेमका कोठें आहे? माझ्या मतें तो येथें आहे. अंगावर कोट घालणें ही एक गोष्ट, आणि दुसऱ्यावर कोटाची अट घालणें ही अगदीं निराळी गोष्ट. मराठींत दोन्हींना 'घालणें' असेंच म्हणतों, म्हणून त्यांतील अंतर लक्षांत येत नाहीं. नाडार स्त्रीनें अंग झांकलें, तें तिनें स्वतः होऊन झांकलें. महाडच्या स्त्रियांनीं नेसण्याची तऱ्हा बदलली, ती त्यांनीं स्वतः बदलली. मान त्या कापडांत नव्हता. माझ्या अंगावर काय असावें हें आतां मी ठरवीन, ह्या अधिकारांत तो होता. जो तरुण हा अधिकार आपल्यासाठीं मिळवितो, त्याचें अभिनंदन करावें. परंतु तोच तरुण जेव्हां आपल्या चुलत्यास लिहून कळवितो कीं, अमुक वस्त्रांत या, तेव्हां तो नकळत त्या ओट्यावर जाऊन बसतो ज्याच्यासमोरून त्याच्या आजोबांनीं जोडे हातांत घेऊन जावें लागे. दुसऱ्याच्या पोषाखावर हुकूम चालविणारा मनुष्य बदलला. हुकूम तसाच राहिला.

कोणी विचारील, मग समारंभाला कांहींच नियम नसावा काय? असावा, पण तो कोणास लागू करावा, ह्याचा विवेक पाहिजे. ह्याचें एक उदाहरण आपल्या खानदेशांतलेंच आहे. १९३६ च्या डिसेंबरांत यावल तालुक्यांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवांत मिळणाऱ्या साध्या वस्तूंनीं तो परिसर सजविला होता. त्या काळीं काँग्रेसच्या घटनेप्रमाणें पदासाठीं निवडून येणाऱ्यास नेहमीं खादी वापरण्याचें बंधन होतें. परंतु तापीकाठच्या खेड्यांतून जो शेतकरी कांबळें पांघरून अधिवेशन पाहावयास आला, त्याला हें बंधन नव्हतें. ज्यानें व्रत घेतलें त्यानें तें पाळावें. जो पाहुणा म्हणून आला त्याला तें लावूं नये. वरानें काळा कोट घालावा, त्याच्या मित्रांनीं घालावा, त्यांत कोणाचें काय जातें? पण पाहुणा हा व्रतस्थ नव्हे.

"आम्हीं अट घातली नाहीं, विनंती केली," असें ह्यावर सांगण्यांत येतें. मुलानेंही तेंच सांगितलें. पण जी विनंती नाकारल्यास मनुष्याला चारचौघांत ओशाळें व्हावें लागतें, ती विनंती राहत नाहीं. "कोट भाड्यानें मिळतो," असाही एक तोडगा निघतो. मिळतो खरा. परंतु मजुरी करणाऱ्या मनुष्यास तो आणावयास एक दिवस शहरांत जावें लागतें, परत करावयास दुसरा दिवस मोडावा लागतो, आणि त्यावर भाडें द्यावें लागतें तें वेगळेंच. एवढें करून मेजवानीच्या रात्रीं तो परक्याच्या मापाच्या कोटांत उभा राहतो. पाटलोण घसरेल कीं काय ह्या काळजींत त्याचें चित्त असतें, आणि पुतण्याच्या आनंदाकडे पाहण्यास तें मोकळें राहत नाहीं.

आपल्या पवित्र शास्त्रांत हा प्रसंग जणूं डोळ्यांपुढें ठेवूनच लिहिलें आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत सभास्थानीं आलेल्या दोघांचें वर्णन आहे. एकाच्या बोटांत सोन्याची अंगठी व अंगावर भारी वस्त्रें, दुसऱ्याचीं वस्त्रें मळकीं. पहिल्याला मानाची जागा, दुसऱ्याला पायांशीं. असें करणाऱ्या मंडळीला प्रेषित तेथें उघड दोष देतो. हें आपणांस चांगलेंच समजावें, कारण जातीवरून वेगळ्या बसविलेल्या पंगती आपल्या वाडवडिलांनीं सोसल्या आहेत. वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची एकच पंगत बसावी आणि तींत कोणी कोणाच्या खालीं नसावा, हें आपल्या मंडळ्यांचें भूषण आहे. जन्मावरून पडलेली पंगत मोडून कपड्यावरून नवी पाडावयाची, तर आपण काय मिळविलें?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो शास्त्र जाणणाऱ्यांकडूनच येतो. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायांतील दृष्टांतांत राजा लग्नाच्या वस्त्रावांचून आलेल्या पाहुण्यास बाहेर घालवितो. तेव्हां यजमानानें वस्त्राची अट घालण्यास शास्त्राचाच आधार नाहीं काय? माझें उत्तर असें. तो दृष्टांत स्वर्गाच्या राज्याचा आहे, शिंप्याचा नाहीं. शिवाय तेथील पाहुणे रस्त्यांवरून, जसे सांपडले तसे, बोलावून आणलेले होते. त्यांच्याजवळ लग्नाचीं वस्त्रें कोठून असणार? म्हणून अनेक भाष्यकार असें मानतात कीं, तीं वस्त्रें राजाच्याच घरून मिळत, आणि त्या मनुष्याचा अपराध दारिद्र्य हा नसून दिलेलें नाकारणें हा होता. हा अर्थ घेतला, तर दृष्टांत उलट बाजूनें बोलतो. ज्याला पाहुण्याच्या अंगावर विशिष्ट वस्त्र पाहिजे, त्यानें तें द्यावें.

आणि बंधूंनो, हें आपल्या लोकांस कोणी नव्यानें शिकवावयास नको. आपल्याकडे लग्नांत यजमान पाहुण्याच्या डोक्यास फेटा बांधतो, कोणाला टोपी व उपरणें देतो, बायांना लुगडें किंवा खण देतो. तोही पोषाखाचा नियमच आहे. फरक इतकाच कीं, त्याचा भार यजमान उचलतो. शिवाय फेट्याला माप नसतें. तोच फेटा मामलेदाराच्या डोक्यास बसतो आणि सालदाराच्याही. लुगडें जाड बाईला पुरतें आणि बारीक बाईलाही. कोट मात्र एकाच देहाच्या मापानें कापलेला असतो. तो शेजाऱ्याकडून मागून आणला तर मागून आणलेला दिसतो. सर्व पाहुणे एकसारखे व सन्मानानें दिसावेत, ही त्या मुलाची इच्छा चांगलीच होती. ती पुरी करण्याचें साधन त्याच्याच घरीं, त्याच्या आजोबांच्या पेटींत, होतें.

मीं त्याला चुलत्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगितला. बराच वेळ फोनवर कांहीं ऐकूं आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें सर्वांना नवा निरोप पाठविला. त्यांत ती ओळ नव्हती. स्वतः त्यानें आपला काळा कोट व गळ्याशीं काळी गांठ सोडली नाहीं, आणि त्यानें तें सोडावें असें मलाही वाटलें नाहीं. सभागृहाच्या दाराशीं फेटे बांधणारे दोन गृहस्थ बसविले होते. पहिला फेटा चुलत्यांना बांधला, आणि पांढऱ्या धोतरावर तो फेटा बांधून ते वराच्या शेजारीं फोटोसाठीं उभे राहिले.

परंतु सर्व कांहीं गोड झालें, असें सांगून मी तुमची फसवणूक करणार नाहीं. चोपड्याकडच्या दोन घरांतील माणसें आलींच नाहींत. त्यांना पहिला निरोप मिळाला होता, दुसरा मिळाल्यावर ते म्हणाले, "आमची लाज राखायला ओळ पुसली, हें आम्हांस कळतें." एकदां दार लावलें कीं मागाहून उघडलेलें दार दयेचें वाटतें. तें दुखणें अजून बुजलेलें नाहीं.

ह्यांत माझा वांटा आहे, तो आतां सांगतों. पत्रिका मला प्रथम आली होती. ती ओळ मीं आठ दिवस आधीं वाचली होती. त्याच वेळीं मीं एक शब्द बोललों असतों, तर तीं दोन घरें दुखावलीं नसतीं. मी बोललों नाहीं, कारण माझ्या ट्रंकेंत दीक्षेच्या वेळीं शिवलेला काळा कोट होता. ज्या अटीची झळ मला लागत नव्हती, ती मला अट वाटलीच नाहीं. पाळकाच्या डोळ्यांवर पडदा यावयास मोठें पाप लागत नाहीं. पेटींत एक कोट असला म्हणजे पुरे.

तेव्हां पंचांनीं व उपदेशकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिली: पत्रिका छापण्यापूर्वीं अथवा मोबाइलवर धाडण्यापूर्वीं ती यादींतील सर्वांत गरीब घराच्या ओट्यावर बसून मोठ्यानें वाचावी. तेथें वाचतांना ज्या ओळीवर जीभ अडखळेल, ती ओळ काढावी. दुसरी: पाहुण्याकडून जें मागावयाचें तें यजमानाला देतां येत असेल तरच मागावें. तिसरी: मागितलेलें न आणतां जो येईल त्याची बसण्याची जागा आधींच ठरवावी, आणि ती पुढच्या ओळींत असावी.

वधूवरांनीं त्या दिवशीं हवें तितकें सुंदर दिसावें. वर्षभर घामानें भिजणाऱ्या लोकांना एक दिवस नीटनेटकें दिसण्याचा आनंद कोणीही नाकारूं नये. मात्र पत्रिका हातीं पडल्यावर कोणत्याही म्हाताऱ्या माणसावर ओट्यावर येऊन तो प्रश्न विचारण्याची पाळी पुन्हां येऊं नये. ह्या लग्नसराईंत ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांनीं आज संध्याकाळींच आपली यादी काढावी, आणि शेवटून वाचावयास आरंभ करावा.